कदमबाई आणि आतला भाडेकरू

तुकाराम माने नावाच्या एसटी ड्रायव्हरचा उजवा डोळा माझ्या हातच्या पुडीनं गेला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मोघमच बोललो. ज्यांना सांगायलाच हवं होतं त्या डॉ. सुमन कदम, तो डोळा कशानं गेला हे शोधत, माझ्याच दवाखान्यात येऊन बसायच्या, माझाच चहा प्यायच्या आणि मलाच विचारायच्या, “काय, सुचलं का हो काही?”

पण ही गोष्ट माझी म्हणून सांगण्यात अर्थ नाही. ती कदमबाईंची आहे. त्यांची सांगता सांगता माझं काय ते येईलच.

विश्रामबागेत रस्त्याला लागून त्यांचा डोळ्यांचा दवाखाना होता. मूळच्या त्या कराडकडच्या. वडील पलटणीत सुभेदार होते आणि बाईंचा आवाज थेट त्यांच्यावर गेला होता. अंगानं एवढीशी बाई, पण मोपेडवरून येताना पुढच्या म्हशीला “ए, सरक की बाजूला” म्हणाली तर म्हैसच काय, म्हशीमागचा माणूसही सरकायचा. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “वेळ कुठाय? अजून सगळे डोळे बघून व्हायचेत.”

मी तेव्हा पेठेत साधी प्रॅक्टिस करायचो. त्यांची आणि माझी खरी ओळख झाली ती एका गुळाच्या अडत्यामुळे. मधुमेहाचा पेशंट म्हणून मी त्याला त्यांच्याकडे पाठवला होता. भर गर्दीच्या वेळी दारात मोपेड थांबली आणि बाई रांग ओलांडून आत आल्या.

“चला.”

“कुठं? पेशंट बसलेत, बाई.”

“ते कुठं जाणार नाहीत. त्याची बाहुली मोठी केलीय. औषध उतरायच्या आत बघायचं. चला लवकर.”

मी गेलो. अंधाऱ्या खोलीत अडत्या खुर्चीवर ताठ बसलेला, आणि दाराशी ओळ लागलेली. मार्केट यार्डातला एक हमाल, समोरच्या दुकानाचा शिंपी, एक रिक्षावाला. पोस्टमन आधीच बघून गेला होता म्हणे. बाईंच्या हातात डोळ्याच्या आत बघायचं ते उपकरण. त्याला त्या नुसतं ‘बॅटरी’ म्हणायच्या. प्रत्येक वेळी अडत्याला रीतसर विचारायच्या, “शेट, तुमचं घर ह्यांना दाखवू का?” आणि शेट आरास बघायला लोक आल्यासारखा खुशीत मान हलवायचा.

माझी पाळी आली. नारिंगी जमीन, तीवर लाल फांद्या पसरलेल्या, आणि फांद्यांच्या टोकाशी मधुमेहानं सांडलेले रक्ताचे ठिपके. मागून बाई कुजबुजत होत्या, म्हणजे रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्याच हळू. “अख्ख्या अंगात रक्ताची नस उघडी बघायला मिळते ती ह्या एका खिडकीतून. आणि लोक पैसे देऊन सिनेमाला जातात.”

अब्बास खाटकाकडून त्या बकऱ्याचे डोळे आणायच्या, टाके घालायचा सराव करायला. डबा ॲल्युमिनियमचा, चारचौघांसारखा. एकदा आम्हा डॉक्टर मंडळींची सहल हरिपूरला गेली. चिंचेखाली पंगत बसली आणि एका सर्जनच्या सौभाग्यवतींनी भाजीचा म्हणून भलताच डबा उघडला. आतून सहा डोळे त्यांच्याकडे बघत होते. बाई शांतपणे म्हणाल्या, “झाका ते. वाळले की कामाचे राहत नाहीत.” त्या दिवशी भाजी कुणाला गोड लागली नाही. अब्बासच्या बायकोला मात्र त्या फार दम द्यायच्या. ती कच्चा खिमा हातानं मळायची, मीठ चाखून बघायची आणि मांजर तिच्या मांडीवर. “बाई गं, मांजर पाळ, खिमा खा, पण दोन्ही एका हातानं नको. आणि शिजल्याबिगर तोंडात घालू नको. भाडेकरू येईल डोळ्यात राहायला.”

हा भाडेकरू बाईंचा अत्यंत आवडता विषय. दुसऱ्याच्या अंगावर जगणारा, डोळ्यात घर करणारा एक बारीक परोपजीवी. “जंतू म्हणजे चोर,” त्या सांगायच्या. “येतो, लुटतो, पळतो. हा तसा नाही. हा आईच्या पोटातनंच येतो, नाहीतर कच्च्या मटणातनं, मांजराच्या घाणीतनं. डोळ्याच्या पडद्यात एक खोली घेतो, दार लावतो आणि झोपतो. मालकाला पत्ताच नाही. मालक धडधाकट आहे तोवर हा बाहेर पाय टाकत नाही. पण मालकाच्या अंगातली लढायची ताकद गेली, की उठतो आणि भिंती पाडायला लागतो.” हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, शिकताना चित्रात पाहिलं होतं. उठलेला भाडेकरू स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा राहिला होता, आणि ते त्या एखादीनं काशीयात्रा राहिली म्हणावं तसं म्हणायच्या.

आता पुडीबद्दल. आमच्याकडे तेव्हा डॉक्टर औषध स्वतःच द्यायचा. गोळ्या खलात कुटायच्या, कागदाच्या चौकोनात बांधायच्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. आत काय आहे हे पेशंट विचारत नसे आणि डॉक्टर सांगत नसे. गोळीचं नाव कळलं तर तो परस्पर दुकानात जाईल ही भीती. माझी दम्याची पुडी प्रसिद्ध होती. तासगावहून, इस्लामपूरहून माणसं यायची. इतर औषधांबरोबर मी तिच्यात स्टेरॉइडची गोळी कुटायचो. दम्याला ती जादूसारखी लागू पडते. पण तीच गोळी महिनोन्‌महिने घेतली तर माणसाची लढायची ताकद आतून पोखरते, आणि वरून तोंड गोल, भरलेलं दिसतं. लोकांना वाटायचं, औषध अंगाला लागलं.

तुकाराम माने दीड वर्ष ती पुडी घेत होता. लष्करात ट्रक चालवून आलेला, आता सांगली–कराड गाडीवर. डेपोत दमा कळला तर गाडी काढून घेतील म्हणून लपवत होता. दुष्काळानंतरच्या हिवाळ्यात तो आला आणि म्हणाला, “डाक्टर, दमा न्हाई आता. पर उजव्या डोळ्यात धुकं हाय. डावा झाकला की समदं पांढरं दिसतंय.” मी त्याला बाईंकडे पाठवलं.

दुपारी मोपेड आली. बाईंना धाप लागली होती, जणू मोपेड त्यांनी खांद्यावरून आणली असावी.

“उठलाय,” त्या म्हणाल्या. “भाडेकरू उठलाय. चला.”

मी बॅटरीतून पाहिलं. काळ्या कडेची एक जुनी खूण, आणि तिला चिकटून, धुक्याआड, एक पांढरा उजेड.

“थंडीत नदीकाठच्या रस्त्यानं समोरनं एसटी आली की दिवे दिसतात तसं नाही दिसत?” बाई म्हणाल्या. “तो काळा डाग म्हणजे त्याची जुनी खोली. पांढरं आहे ती नवी तोडफोड.”

खुर्चीतून तुकाराम म्हणाला, “आवं बाई, म्हंजे माज्याच डोळ्यात माजीच गाडी व्हय?”

“तुमचीच, मानेड्रायव्हर. आणि ब्रेक लागंना झालाय.” मग त्या एकदम गंभीर झाल्या. पडद्याच्या मधोमध एक जागा असते, सगळी बारीक नजर तिच्यात. तोडफोड तिथपर्यंत पोचली तर हा डोळा ड्रायव्हरच्या कामाचा राहणार नाही. “पण मालक अशक्त झाला कशानं? लघवीत साखर नाही. छातीचा फोटो स्वच्छ.” त्यांनी तुकारामचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं. “तोंड लय गोल दिसतंय हो.” आणि माझ्याकडे वळून, अगदी सहज, “तुमच्या पुडीत स्टेरॉइड नाही ना?”

“छे,” मी म्हणालो. “दम्याची नेहमीचीच औषधं.”

“डाक्टरांची पुडी म्हंजे अमृत हाय,” तुकाराम म्हणाला. “अंगाला लागलीय, बगा की.”

“मग झालं,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरनं डॉक्टरला पेशंटबद्दल विचारलं की खरंच उत्तर येतं, ही त्यांची पक्की समजूत होती. सोनाराची तपासतील, वकिलाची तपासतील, आपल्या धंद्यातल्या माणसाची गोष्ट त्या तपासत नसत. मी खोटं बोललो ते तुकाराम समोर होता म्हणून, पुडीत काय आहे ते तो चारचौघांत सांगेल म्हणून, माझी रांग मोडेल म्हणून. कारणं एवढीच आहेत. शोधूनही यापेक्षा मोठं कारण मला सापडलेलं नाही.

भाडेकरूवरची एक गोळी सांगलीत मिळेना. ती हिवतापासाठी सरकारकडे येत असे. साताऱ्याच्या हिवताप कार्यालयात बाईंच्या ओळखीचे एक साहेब होते. बाई निघाल्या, तुकारामला बरोबर घेतलं, आणि मीही निघालो. घरी बसवेना.

त्या प्रवासाइतका मी पुढे कधी हसलो नाही, आणि हसताना इतका कधी घाबरलेलोही नव्हतो. तुकाराम ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर, डोळ्यावर हिरवी पट्टी. गाडी चालवणारा बाबू त्याच्याच हाताखाली शिकलेला.

“गियर टाक की रं,” तुकाराम म्हणायचा. “चढ हाय म्होरं.”

“दिसतोय मला चढ. मला दोन डोळं हायत.”

“दोन असून उपेग काय गड्या? त्यो खड्डा तर घेतलासच.”

कराडच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली. मी कप तोंडाला लावतो तोच बाईंनी तुकारामला खांबाआड सावलीत उभं करून त्याची पट्टी वर केली आणि कंडक्टरच्या हातात बॅटरी दिली. “बघा, तुमच्या ड्रायव्हरचं घर. घाबरू नका, तो चावत नाही.” कंडक्टर बराच वेळ बघत राहिला. मग तिकिटांची पेटी सावरत म्हणाला, “बाई, आत तर सूर्य मावळाय लागलाय.” ही उपमा बाईंना इतकी आवडली की साताऱ्यापर्यंत त्या ती प्रवाशांना ऐकवत होत्या.

साहेब मात्र नियमाचे. हिवतापाची गोळी डोळ्याला कशी द्यायची? बाईंनी वाद घातला नाही. पर्समधून रंगीत पेन्सिली काढल्या आणि साहेबांच्या टेबलावरच्या टिपकागदावर तुकारामचा डोळा काढायला घेतला. नारिंगी जमीन, लाल फांद्या, काळी खोली, पांढरा उजेड. काढता काढता गोष्ट सांगत होत्या. साहेब आधी मान तिरकी करून बघत होते, मग खुर्ची सोडून टेबलाला वळसा घालून बाईंच्या बाजूला आले, आणि म्हणाले, “मग हा इथून मध्ये किती दिवसांत पोचेल?”

“ते तुमच्या गोळीवर आहे,” बाई म्हणाल्या. गोळ्या मिळाल्या.

परतीच्या वाटेवर तुकाराम खिडकीशी बसला. उंब्रज मागे पडल्यावर त्यानं विचारलं, “बाई, गाडी मिळंल का मला परत?”

“तुमची गाडी तुम्हीच चालवायची. मी पहिल्या सीटवर बसणार, आणि खड्डा घेतलात तर उतरणार.”

तो हसला. खिडकीतून उसाच्या गाड्या मागे जात होत्या आणि मी शब्द जुळवत होतो. सांगली आली तरी जुळले नाहीत.

बाईंनी उपचार सुरू केले. मालक धडधाकट असूनही भाडेकरू उठलाय, म्हणजे अंग जोरात लढतंय, म्हणजे सूजच पडदा जाळील, असा त्यांचा हिशोब. म्हणून त्या गोळ्यांबरोबर त्यांनी थोडं स्टेरॉइडही दिलं. पुस्तकाप्रमाणे ते बरोबरच होतं; फक्त मालक धडधाकट आहे ही खबर माझी होती. आता तुकारामला दोन्हीकडून स्टेरॉइड मिळत होतं, त्यांच्या हातून उघड, माझ्या हातून कागदात बांधून. त्यांनी मला हे उत्साहानं सांगितलं तेव्हा तोंड उघडायची वेळ होती. मी “बरोबर आहे” म्हणालो.

डोळा बिघडत गेला. बाईंनी आपलं स्टेरॉइड लगेच थांबवलं, तरी तोडफोड थांबेना. त्या रोज तपासायच्या, रोज नवं चित्र काढायच्या आणि पांढरी पेन्सिल झिजत चालली. मग मी माझ्या पुडीतली ती गोळी हळूहळू कमी करायला लागलो. एकदम बंद केली असती तर तुकाराम कोसळला असता. आणि लवकर कमी केली असती तर दमा उसळून बाईंना संशय आला असता. यातलं पहिलं कारण वैद्यकाचं होतं. पण हात आखडता राहिला तो जास्त दुसऱ्यासाठी. पुडी साफ झाली आणि डोळा निवला. तोवर मधली जागा गेली होती. उजव्या डोळ्यानं तुकारामला माणसाचे खांदे दिसायचे, तोंड दिसायचं नाही.

गाडी गेली. डेपोत टायरच्या गोदामात त्याला काम मिळालं.

बाई दोन दिवस दवाखान्यात आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या दुप्पट वेगानं. डोळा का बिघडला यापेक्षा त्यांना आता दुसरंच छळत होतं. “तो थांबला कसा? स्टेरॉइड बंद केल्यावर मी काहीच बदललं नव्हतं. गोळ्या त्याच, डोस तोच. कुणीतरी भाडेकरूला परत झोपवलं. कुणी? ते कळलं ना, तर पुढच्याचा डोळा वाचेल.” प्रश्न घेऊन त्या सांगलीभर फिरल्या. तुकारामनं त्या दिवसांत काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायला, शेतात गेला का, झोप कशी होती. अब्बासलाही विचारलं. आणि एक दिवस माझ्या दारात मोपेड आली.

“सापडलं,” त्या म्हणाल्या. “निदान टोक सापडलंय. आत्ता त्याच्या बायकोला भेटून आले. ती म्हणाली, ‘बाई, ह्यांचं त्वांड उतारलं बगा. पयल्यावानी झालं.’ मी जाऊन बघितलं. खरंच उतरलंय. डोळा निवला त्याच सुमाराला. हे उगीच नाही हो, डॉक्टर. तोंड गोल का होतं, आणि उतरलं का?”

त्यांचे डोळे लकाकत होते. त्या उत्तराच्या दारात उभ्या होत्या, फक्त आत पाऊल टाकायचं राहिलं होतं. आणि त्यांनी विश्वासानं विचारलं ते मला.

“काळजीनं उतरलं असेल,” मी म्हणालो. “नोकरी गेल्यासारखीच आहे बाई त्याची.”

त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. मग खुर्चीत बसल्या. “होय,” म्हणाल्या. “तेही खरंच. माणूसच आहे शेवटी.” आणि चहा मागितला.

त्या वर्षी डॉक्टर मंडळींच्या महिन्याच्या बैठकीत त्यांनी तुकारामची हकिगत मांडली. शहाणपण सांगायला लोक उभे राहतात. बाई आपली चूक सांगायला उभ्या राहिल्या, आणि एखाद्या शिकारीची गोष्ट सांगावी तशी सांगत होत्या. चित्रं दोरीला टाचून लावली होती, एकापुढे एक, पांढरा उजेड मधोमध सरकत जाताना. “स्टेरॉइड देण्यात माझी चूक झाली,” त्या म्हणाल्या. “पण ते बंद केल्यावरही हा थांबला नाही, आणि नंतर आपोआप थांबला. का, ते मला माहीत नाही. कुणाला सुचलं तर रात्री उठवून सांगा.”

मागून मिरजेचे एक तरुण डॉक्टर उठले. “बाई, पेशंट आणखी कुठून स्टेरॉइड घेत होता का?”

“चांगला प्रश्न,” बाई म्हणाल्या. “मी तो पहिल्याच दिवशी विचारला होता. त्याचे डॉक्टर इथंच आहेत.” आणि सगळ्या सभागृहासमोर त्यांनी माझ्याकडे हात केला, अभिमानानं, आपला माणूस दाखवावा तसा. “नव्हतं ना हो?”

मी मान हलवली. नव्हतं.

तरुण डॉक्टर खाली बसले. पुढे गावात एकदोघे म्हणू लागले की कदमबाईंनी ड्रायव्हरचा डोळा घालवला. बाईंच्या कानावर ते गेलं. त्या म्हणाल्या, “बरोबरच आहे. मग कुणी घालवला?”

त्यानंतर मी कुठल्याच पुडीत ती गोळी कुटली नाही. हे पुण्य म्हणून सांगत नाही. माझी रांग तरीही फारशी घटली नाही, म्हणजे ज्या भीतीनं खोटं बोललो ती भीतीही खोटीच होती.

कदमबाईंना मी शेवटचं पाहिलं ते साताऱ्यात, एका लग्नाच्या पंगतीत. त्या तेव्हा सांगली सोडून भावाकडे राहायला आल्या होत्या, वाळल्या होत्या. मी समोरच्या ओळीत, बराच लांब. जिलबी वाढणारा त्यांच्या पुढ्यात वाकलेला आणि त्या त्याला काहीतरी समजावून सांगत होत्या, तो ताट विसरून ऐकत होता. तेवढ्यात त्यांना मी दिसलो. त्यांनी उष्टा हात उंच केला आणि सनई, पोरंबाळं, वाढपी, सगळ्यांच्या वरून सुभेदारी आवाज आला, “काय डॉक्टर, सुचलं का?”

अर्धी पंगत माझ्याकडे बघायला लागली.

“नाही बाई,” मी म्हणालो.

“मीपण सोडत नाही,” त्या ओरडल्या, आणि हसत पुन्हा वाढप्याकडे वळल्या. त्याला जाऊ देत नव्हत्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. लोक म्हणतात, अशा हुशार माणसांना आतून सगळं कळलेलं असतं. कदमबाईंना कळलं नव्हतं. त्यांना माझा संशयसुद्धा आला नव्हता. हे मी खात्रीनं सांगतो, कारण कळलं असतं तर त्यांनी ते आनंदानं साऱ्या गावाला ओरडून सांगितलं असतं, मला शिव्या द्यायच्याही आधी.

त्यांचं देणं आता फिटायचं नाही. तुकाराम माने अजून डेपोत आहे. त्याचा डोळा बाईंनी नव्हे, मी घालवला, हे त्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून, त्याला सांगायचं मी देणं लागतो. ते अजून सांगितलेलं नाही.